अकरा रागांची तबकडी

आमच्याकडे ट्रम्पेट म्हणजे वरात. नागपूर-अमरावती महामार्गावरच्या आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) मध्ये हे वाद्य ऐकायचे असेल तर लग्नसराईची वाट पाहावी लागते. नवरदेव घोड्यावर बसला की बँडवाला हमखास एक गाणे धरतो, 'बहारों फूल बरसाओ'. १९६६ च्या 'सूरज' चित्रपटातले, शंकर-जयकिशन यांचे हे गाणे शिवरंजनी रागावर बेतलेले आहे. म्हणजे आमच्या गावातल्या लहान पोरालाही शिवरंजनी ऐकून माहीत असतो, फक्त नाव माहीत नसते. मी भजन मंडळात पेटी वाजवतो, चार-सहा मुलांना सरगम शिकवतो. पण शिवरंजनी शिकवताना बँडचे उदाहरण मी कधी दिले नाही. बँड म्हणजे संगीत नव्हे, हा समज माझ्या डोक्यात इतका मुरला होता की तो समज आहे हेही कळत नव्हते.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एक मुलगा सीझनमध्ये एका बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "गुरुजी, हे आयका बरं. शिवरंजनीच होय ना हा?" सतार होती, मागे ड्रमची झांज सरसरत होती, मध्येच सॅक्सोफोन बोलत होता. मी मिनिटभर ऐकले आणि बंद केले. "काहून बंद केलं जी?" त्याने विचारले. राग असा तीन मिनिटांत उरकायची वस्तू नसते, असे काहीतरी मी म्हणालो. त्याने मोबाइल खिशात घातला आणि निमूट अलंकार वाजवायला बसला.

ती तबकडी होती 'रागा जॅझ स्टाइल'. त्या दिवशी मी दिलेले उत्तर चुकीचे होते. बरोबर उत्तर काय असायला हवे होते, ते शोधताना जे कळले ते या लेखात मांडतो आहे.

१९६८ साली एचएमव्हीने काढलेली ही एलपी. नाव शंकर-जयकिशन यांचे आणि सतारवादक रईस खाँ यांचे. एकही गाणे नाही, गायक नाही, चित्रपट नाही. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी असे अकरा राग. म्हणजे सकाळच्या रागाने सुरुवात आणि मैफलीच्या रिवाजाप्रमाणे भैरवीने शेवट. एलपीच्या दोन बाजूंत अकरा राग बसवायचे म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटेच येणार. (त्याच वर्षी ऑक्टोबरात तुकडोजी महाराज गेले. आमच्याच महामार्गावर पुढे गुरुकुंज मोझरी लागते आणि आमच्या मंडळाची खंजिरी तिथूनच आलेली आहे. गावाच्या आठवणीत १९६८ साल आहे ते त्या कारणाने. त्या वर्षी मुंबईत कोणी जयजयवंतीवर ट्रम्पेट वाजवत होते, याचा इकडे कोणाला पत्ता असण्याचे कारण नव्हते.)

वादकांची नावे पाहिली की तबकडीचा उलगडा निम्मा होतो. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंह, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर अ‍ॅनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, पियानोवर लुसिला, तबल्यावर रमाकांत. हे सगळे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसणारे लोक. 'आरजू' मधल्या 'बेदर्दी बालमा तुझको' या गाण्यात जो सॅक्सोफोन रडतो तो मनोहारींचा. रईस खाँ यांची सतार मदनमोहन यांच्या गाण्यांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. गाणे लताबाईंचे, रफींचे, फार तर संगीतकाराचे. त्यामागे जे वाजते ते 'म्युझिक'. वाजवणाऱ्याचे नाव तबकडीवर छापायची पद्धतच नव्हती.

या वादकांत गोव्याकडची नावे इतकी का, याला इतिहास आहे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकलेली मुले पोटासाठी मुंबईला येत. मुंबईत जॅझ आधीच पोचला होता. लिऑन अ‍ॅबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकाचा बँड १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि गोव्याच्या पोरांना नवी दिशा दिसली. आल्दोन्याचे आंतोनियु शाव्हिएर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. मग मुंबई प्रांतात दारूबंदी आली, हॉटेलांतले वादन आटू लागले आणि स्टुडिओंना मात्र दररोज माणसे हवी होती. फाळणीआधी लाहोरच्या एका हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत येऊन शंकर-जयकिशन यांचे अ‍ॅरेंजर झाले. चाल संगीतकाराची, पण तीस-चाळीस व्हायोलिनांनी कोणते सूर, कोणत्या क्षणी, एकमेकांच्या वर-खाली कसे वाजवायचे, हे कागदावर उतरवणारा माणूस तो.

म्हणजे त्या स्टुडिओत दोन प्रकारचे साक्षर शेजारी शेजारी बसत. एक कागद वाचणारे, दुसरे कानाने घेणारे. सतारियाला सरगम सांगितली की पुरे. ट्रम्पेटवाल्याला पाच रेघांवरचे ठिपके लागत. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचा, दिवसा चित्रपटासाठी भैरवीचे तुकडे. वर्षानुवर्षे हे केलेल्या लोकांना राग परका राहिला नव्हता, पण तो त्यांच्याकडे नेहमी दुसऱ्याच्या गळ्यामागे आला होता. या तबकडीत गायक उठून गेला आहे आणि मागचे लोक तसेच बसून वाजवत आहेत, असे समजून ऐकले तर ती वेगळी ऐकू येते. मला तरी आली.

आता मुख्य प्रश्न. राग आणि जॅझ यांचे जमते कुठे आणि अडते कुठे?

रागात घर एक असते. तानपुऱ्याने षड्ज धरला की शेवटपर्यंत तो हलत नाही आणि प्रत्येक सुराची किंमत त्या षड्जापासूनच्या अंतरावर ठरते. जॅझच्या जुन्या रचनांत घर सारखे बदलत असते. तीन-चार सूर एकत्र वाजले की त्यांचा कॉर्ड होतो. हे कॉर्ड दर एक-दोन आवर्तनांनी बदलतात आणि वाजवणारा त्या बदलत्या जमिनीवर उड्या मारत पुढे जातो. अशा रचनेखाली राग ठेवला तर खालची जमीन सरकली की वरचा राग मोडतो. म्हणून फार काळ दोन्हींचे जमण्यासारखे नव्हतेच.

मार्ग जॅझच्या बाजूनेच निघाला. १९५९ साली माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीत 'सो व्हॉट' नावाची रचना आहे. तिचा आराखडा आपल्या भाषेत सांगतो. सोळा आवर्तने काफी थाटाच्या सुरांत, मग षड्ज अर्धा स्वर वर सरकवून आठ आवर्तने पुन्हा काफीच, मग खाली येऊन शेवटची आठ मूळ काफीत. बस, इतकेच. कॉर्डची धावपळ गेली आणि एका सप्तकात रमायला जागा मिळाली. जॉन कोल्ट्रेन या रचनेत सॅक्सोफोन वाजवतात. पुढे १९६१ साली त्यांनी स्वतःच्या एका रचनेला 'इंडिया' असेच नाव दिले, रविशंकरांना ते फार मानत आणि मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. उलट दिशेनेही रहदारी सुरू होती. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये मुंबईला आले तेव्हा अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवून गेले. लंडनमध्ये कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' काढली. म्हणजे आपली तबकडी जगात पहिली नव्हे. पण लंडन-न्यूयॉर्कला रागाकडे पाहुणा म्हणून पाहिले जात होते, मुंबईच्या स्टुडिओत तो रोजच्या कामातला होता.

एकेक राग घेऊन पेटीवर पडताळून पाहिले तेव्हा काही गमती सापडल्या. कलावतीचे सूर सा ग प ध आणि कोमल नी. यातले सा, ग, प आणि कोमल नी एकदम दाबा. जॅझ-ब्लूजमधला सर्वांत ओळखीचा कॉर्ड वाजतो. म्हणजे कलावती हा जवळजवळ एक उलगडलेला कॉर्डच आहे. पियानोला इथे काही मोडावे लागत नाही. जयजयवंतीत दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद. ब्लूजची सगळी तगमग शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधल्या जागेत असते. फरक एवढाच की ब्लूजवाला दोन्ही गंधार एकमेकांवर घासतो आणि आपल्याकडे 'रे ग म प' मध्ये शुद्ध, 'रे ग रे' मध्ये कोमल असा शिस्तीचा कायदा आहे. सॅक्सोफोनवाल्याच्या बोटांना हा कायदा नवा, पण मुलूख ओळखीचा.

मालकंसाची गोष्ट सर्वांत मजेची. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. या रागात पंचम नाही म्हणून तानपुरा मध्यमात लावतात. आता याच पाच पट्ट्यांवर मध्यमाला षड्ज समजून वाजवून पाहा. धानी रागाचे सूर मिळतात, आणि जगभरचा ब्लूज ज्या पाच सुरांवर उभा आहे तेही हेच. मग एकच तान मालकंस कधी आणि ब्लूज कधी? ते वर वाजणारी सतार ठरवत नाही, खालचा खर्ज ठरवतो. जॅझमध्ये तो डबल बासच्या हाती असतो, आणि तो एका जागी उभा न राहता चालत राहतो. बास षड्जावर परतत राहिला तर आपण मालकंसात. मध्यमावर रेंगाळला तर नकळत दुसऱ्या गावात. ही तबकडी ऐकताना सतारीच्या मागे लागू नये, कान बासवर ठेवावा, असे मी आता मुलांना सांगतो. मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही, तेव्हा इयरफोन लावावेत. मी पहिल्या दिवशी मिनिटभरात निकाल दिला त्याचे एक कारण हे यंत्रही होते. दुसरे कारण मी.

जिथे अडते तिथे मात्र स्पष्ट अडते. भैरवाचे कोमल रिषभ-धैवत नुसते लावून भागत नाही, ते झुलवावे लागतात. तोडीचा गंधार पट्टीवरच्या कोमल गंधारापेक्षा खाली असतो. मियाँ मल्हाराचा गंधार डोलला नाही तर पाऊस येत नाही. सतारीवर पडद्यावरची तार आडवी ओढली की चार-पाच सुरांपर्यंतची मींड निघते. सॅक्सोफोनवर चाव्या असल्या तरी ओठ सैल करून सूर खाली वाकवता येतो. ट्रम्पेटला तीनच कळा, बाकीचे सगळे ओठांचे आणि हवेचे काम, म्हणून त्यालाही थोडी लवचिकता आहे. पियानोला काही नाही. पट्टी दाबली की तोच सूर, तितकाच. तबकडीतल्या या तीन रागांत सतार बोलते तोवर राग असतो आणि पियानो पुढे आला की रागाचा फोटो दिसतो, असे माझे मत झाले आहे. शिवरंजनी, कलावती आणि मिश्र पिलू मला मनापासून आवडतात. भैरव मला आजही पटत नाही.

पण हे बोलणाऱ्या माझ्या हातात कोणते वाद्य आहे? पेटी. तिचीही गोष्ट पियानोचीच. सप्तकाचे बारा सारखे तुकडे, मींड नाही, आंदोलन नाही. याच दोषापायी आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले होते आणि ते जवळपास तीस वर्षे उघडले नाही. म्हणजे ही तबकडी निघाली तेव्हाही पेटी आकाशवाणीबाहेरच उभी होती. युरोपातून आलेले, रेडिओने हाकललेले वाद्य मांडीवर घेऊन मी एका पोराच्या ट्रम्पेटला परके ठरवत होतो. हे ध्यानात आले तेव्हा घरात एकटाच होतो हे बरे.

लयीचा मुद्दा थोडक्यात. भजनात टाळी समेवर पडते. जॅझ ऐकताना चुटकी चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवून पाहावी, म्हणजे वजन कुठे ठेवले आहे ते कळते. शिवाय एका मात्रेचे दोन भाग तिथे सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, त्यामुळे चाल झुलती होते. त्यालाच स्विंग म्हणतात. तबला आणि ड्रम एकत्र वाजतात तेव्हा तबला समेकडे ओढतो आणि ड्रम तिच्या आजूबाजूला झुलत राहतो. आमच्या खंजिरीवाल्या काकांना मी हे ऐकवले. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटे बोटांनी मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, "तबलेवाला लाजून वाजवून राहिला." मला यापेक्षा नेमके सांगता आले नसते. तबल्याला इथे मोकळी जागा कमी आहे.

ती जागा पुढे मिळाली. माहीमच्या झाकीर हुसेन यांनी गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवादक विक्कू विनायकराम आणि मृदंगमवादक रामनाद राघवन यांच्यासह 'शक्ती' हा संच उभा केला. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या साउदॅम्प्टन इथल्या एका महाविद्यालयात झालेली त्यांची मैफल पुढल्या वर्षी तबकडी म्हणून निघाली. त्यात तीनच रचना आणि एकटी 'जॉय' अठरा मिनिटांची. पियानो नाही, ड्रम नाहीत. मॅकलॉक्लिन यांनी गिटारच बदलून घेतली होती. दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले, म्हणजे तार दाबून सूर ओढता यावा, आणि सतारीसारख्या तरफेच्या सात तारा आडव्या लावलेल्या. सात वर्षांपूर्वी मुंबईच्या स्टुडिओत जे अडत होते त्याला हे एकेक उत्तर होते. वेळ हवा तर वेळ घेतला, मींड हवी तर वाद्य कोरले, कॉर्ड आड येतात तर बहुतेक काढून टाकले.

म्हणून 'शक्ती' श्रेष्ठ आणि 'रागा जॅझ स्टाइल' कच्ची, असा निकाल कोणी देईल. वादन म्हणून मीही देईन. पण 'शक्ती' तले पाचही जण आपापल्या नावाने व्यासपीठावर बसले होते. १९६८ च्या तबकडीतले बहुतेक लोक रोज दुसऱ्याच्या नावावर वाजवत होते आणि पुन्हा तेच करायला परत गेले. १९७१ मध्ये जयकिशन गेले. असा खेळ त्या दोघांकडून पुन्हा झाला नाही. मनोहारी सिंह पुढे राहुल देव बर्मन यांचा उजवा हात झाले, पण सामान्य श्रोत्याला ते नावाने कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. सॅक्सोफोन आपल्याला पाठ असतो, वाजवणारा नाही.

गेल्या वर्षी कोजागरीला मी त्या मुलाला ट्रम्पेट घेऊन मंडळात बोलावले. पहिली अडचण पट्टीची निघाली. त्याच्या ट्रम्पेटचा मोकळा षड्ज म्हणजे पेटीची काळी पाच. आमचे लोक गातात काळी एकमध्ये. त्याला त्याच्या सोयीची पट्टी दिली तर वरचे सूर लावताना म्हाताऱ्यांच्या शिरा ताणायच्या, खालून धरले तर आवाजच निघेना. शेवटी ठरले की भजन नेहमीच्या पट्टीत होईल आणि दूध आटेपर्यंत तो, मी आणि खंजिरी असे तिघेच काळी पाचमध्ये शिवरंजनी वाजवू. दुसरी अडचण आवाजाची. वरातीत फुंकायची सवय. पहिल्याच सुराला समोरच्या घरातले लहान मूल उठले. मग त्याने भोंग्यात रुमाल कोंबला.

त्याचा कोमल गंधार माझ्या पेटीच्या गंधाराशी जुळत नव्हता. तो किंचित खाली लावत होता. दोन्ही एकदम वाजले की कानाला कुरकुर होई. "गुरुजी, माहं चुकून राहिलं का?" त्याने विचारले. मी त्याला तसेच वाजवत राहायला सांगितले. आता आम्ही शिवरंजनी घेतो तेव्हा मी पेटीवर सा, रे, प, ध एवढेच सूर धरतो. गंधाराची पट्टी मी दाबत नाही, ती जागा त्याची.